हरिभाऊंची माणसे : हरि नारायण आपटे यांचे जीवन आणि व्यक्तिरेखाटन

१

मराठी कादंबरीच्या अभ्यासात व्यक्तिरेखाटन हा शब्द आपण इतक्या सहजतेने वापरतो की, त्यामागे लेखकाच्या दीर्घ निरीक्षणाची आणि कष्टाची प्रक्रिया असते याचा विसर पडतो. पात्र निर्माण करणे म्हणजे त्याला नाव, वय, रूप आणि दोनचार गुणावगुण बहाल करणे, अशी समजूत लेखनतंत्राच्या पुस्तकांनी रूढ केली आहे. अलीकडच्या लेखनशिबिरांत तर नवोदित लेखकाच्या हाती एक तक्ताच दिला जातो : पात्राचा जन्म कोठला, शिक्षण किती, भीती कशाची, सवयी कोणत्या, आवडता पदार्थ कोणता. रकाने भरले की माणूस उभा राहिला, असा त्यामागील विश्वास असतो. असा तक्ता अगदीच निरुपयोगी असतो असे नाही; परंतु तो काळजीपूर्वक भरूनही पात्र निर्जीव राहते, हा अनुभव लेखकांना नवा नाही आणि वाचकांनाही नाही. तपशिलांची बेरीज आणि जिवंत माणूस यांच्यामध्ये जे अंतर उरते ते कशाने भरून निघते, हा कादंबरीकलेतील एक मूलभूत प्रश्न आहे.

मराठीत या प्रश्नाला पहिले समर्थ उत्तर हरि नारायण आपटे यांनी दिले. ते त्यांनी सिद्धान्ताच्या रूपाने मांडले नाही. आठवड्यामागून आठवडे प्रकरणे लिहीत असताना त्यांच्या हातून ते घडत गेले. व्यक्तीचा तपशील तिच्या नात्यांतून उभा राहतो, घरात तिचे स्थान कोठे आहे यावरून ती कळते, आणि ते कळण्यास काळ लागतो, असे या उत्तराचे स्वरूप आहे. हे उत्तर त्यांच्या आयुष्याच्या घडणीशी इतके निगडित आहे की, त्यांचे चरित्र बाजूला ठेवून त्यांच्या पात्रांचा विचार करणे अपुरे ठरते. प्रस्तुत लेखात हरिभाऊंचे जीवन या एका दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

२

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. आईचे छत्र लहानपणीच हरपले. पुढील वाढ एकत्र कुटुंबात, काही काळ मुंबईस व नंतर पुण्यास झाली. या कुटुंबाचे कर्ते पुरुष म्हणजे चुलते महादेव चिमणाजी आपटे. ते मुंबईच्या उच्च न्यायालयात नावाजलेले वकील होते. संस्कृत विद्येविषयी त्यांना निस्सीम आस्था होती आणि घरावर त्यांचा शब्द चालत असे. आईविना वाढणारे, बुद्धिमान आणि वडीलधाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून असलेले मूल एकत्र कुटुंबात फार लवकर निरीक्षण करावयास शिकते. कोणाच्या आवाजाने घर शांत होते, कोणाचे म्हणणे ऐकून घेतले जाते आणि कोणाचे नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. हरिभाऊंच्या कादंबऱ्यांतील घरे ज्या बारकाईने उभी राहतात, तिचा उगम या बालपणात शोधणे अप्रस्तुत होणार नाही.

पुण्यास आल्यानंतर त्यांच्या शिक्षणाला निर्णायक वळण मिळाले. जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूलची स्थापना झाली आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व आगरकर यांच्या हाताखाली शिकण्याचा योग हरिभाऊंना लाभला. १८८२ मध्ये विष्णुशास्त्र्यांचे अकाली निधन झाले तेव्हा या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘शिष्यजनविलाप’ हे काव्य लिहून गुरूला श्रद्धांजली वाहिली. त्यानंतर लवकरच आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे रूपांतर प्रसिद्ध केले आणि हरिभाऊंनी ‘निबंधचंद्रिके’त त्याचे दीर्घ परीक्षण केले. शिष्याने गुरूच्या ग्रंथाची इतकी सविस्तर व निर्भीड चिकित्सा करावी, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. एका पात्राच्या अंतःकरणातील गुंतागुंत भाषांतरात उतरते की नाही, या प्रश्नाशी त्यांची गाठ विसाव्या वर्षाच्या आसपास पडली. कादंबरी लिहिण्यापूर्वीचे त्यांचे खरे शिक्षण हेच होय.

महाविद्यालयीन शिक्षण मात्र तडीस गेले नाही. डेक्कन महाविद्यालयात आणि पुढे फर्ग्युसनमध्ये त्यांनी प्रयत्न केला. परंतु गणित हा विषय आडवा आला आणि पदवी मिळाली नाही. इंग्रजी व संस्कृत वाङ्मयात गती असलेला हा तरुण विद्यापीठाच्या दृष्टीने अनुत्तीर्ण ठरला. त्यामुळे सरकारी नोकरीची किंवा वकिलीची वाट बंद झाली, ही मराठी कादंबरीच्या दृष्टीने इष्टापत्तीच म्हटली पाहिजे.

३

१८८८ मध्ये महादेव चिमणाजींनी प्राचीन संस्कृत ग्रंथांच्या संग्रहासाठी व प्रकाशनासाठी पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली आणि तिच्या व्यवस्थेचे काम पुतण्यावर सोपविले. हे काम हरिभाऊंनी अखेरपर्यंत पाहिले. पोथ्या जमविणे, त्यांचे पाठ ताडून पाहणे, शास्त्रीमंडळींकडून संपादन करवून घेणे, छपाईवर देखरेख ठेवणे, असे त्या कामाचे स्वरूप होते. एकाच वाक्याचे अनेक हस्तलिखितांतील पाठ समोर ठेवून त्यांतील सूक्ष्म भेद पाहण्याची सवय या कामाने लागते. माणसांच्या बोलण्यातील असेच भेद टिपणाऱ्या लेखकाला ही सवय उपयोगी पडली असेल, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

आनंदाश्रमातील या वास्तव्याचा दुसरा परिणाम अधिक खोल होता. हरिभाऊंचे मन आगरकर-रानडे यांच्या सुधारणावादाकडे झुकलेले होते. गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी त्यांचा निकटचा स्नेह होता. पण त्यांचा संसार आणि उपजीविका चुलत्यांच्या सनातनी वळणाच्या घराशी बांधलेली होती. विवाहही वडीलधाऱ्यांनी ठरविला त्याप्रमाणे, कोवळ्या वयात झाला होता. विचाराने एका बाजूस आणि व्यवहाराने दुसऱ्या बाजूस उभे राहण्याचा हा ताण त्या पिढीतील अनेकांनी सोसला. खुद्द न्यायमूर्ती रानड्यांनी १८७३ मध्ये, पहिल्या पत्नीच्या निधनानंतर, विधवाविवाहाचा पुरस्कार करीत असतानाही पित्याच्या आग्रहाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. हरिभाऊंनी घर मोडले नाही आणि विचारही सोडला नाही. पहिल्या पत्नीचा अकाली मृत्यू त्यांना पाहावा लागला. सुधारणा व्यासपीठावर जिंकते आणि माजघरात हरते, हे सत्य त्यांना पुस्तकांतून शिकावे लागले नाही.

१८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि ते १९१७ पर्यंत चालविले. राजकारणाचा वाद ‘केसरी’ने आणि समाजकारणाचा वाद ‘सुधारका’ने चालवावा, आपण गोष्टी, चरित्रे आणि सुबोध शास्त्रीय माहिती यांच्या द्वारे घराघरांतील वाचकांपर्यंत जावे, असा या पत्राचा हेतू होता. घरातील स्त्रियांच्या हातीही ते पडावे ही दृष्टी त्यात होती. हरिभाऊंच्या बहुतेक कादंबऱ्या या पत्रातून क्रमशः प्रसिद्ध झाल्या. दर आठवड्याला प्रकरण देण्याच्या या बांधिलकीमुळे त्यांच्या रचनेत पाल्हाळ आला, काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, असा आक्षेप समीक्षकांनी वेळोवेळी घेतला आहे. तो खरा आहे. परंतु त्याच बांधिलकीने त्यांच्या हाती एक दुर्मिळ साधन दिले, ते म्हणजे काळ. दोनतीन वर्षे चालणाऱ्या कादंबरीतील माणूस वाचकाच्या घरी शेजाऱ्यासारखा येत राहतो. त्याची ओळख एका वर्णनात उरकावी लागत नाही. शेजाऱ्याचा स्वभाव जसा आपल्याला हळूहळू, प्रसंगाप्रसंगाने, कधी आधीचे मत बदलून कळतो, तसाच तोही कळतो.

४

या साधनाचा पूर्ण उपयोग ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीत झाला. ती १८९० ते १८९३ या काळात ‘करमणुकी’त आली. हा काळ लक्षात घेतला पाहिजे. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि त्यावरून पुणे शहर दुभंगले. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी विवाह केला. विधवेच्या केशवपनावर आगरकर प्रखर लेख लिहीत होते. वाद, प्रतिवाद, सभा, ठराव यांनी वातावरण भरले होते. अशा वेळी हरिभाऊंनी युक्तिवाद केला नाही. यमू नावाच्या एका ब्राह्मण मुलीला आपली कहाणी सांगू दिली.

मराठी कादंबरीत विधवेचा प्रश्न नवा नव्हता. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५७ मध्येच ‘यमुनापर्यटन’ लिहून हिंदू विधवांच्या हालअपेष्टांचे चित्र काढले होते. दोन्ही कादंबऱ्यांच्या नायिकांचे नाव एकच असावे हा योगायोग असला, तरी त्यांची तुलना उद्बोधक आहे. पदमनजींची यमुना पतीसह प्रवास करते आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांची दुःखे पाहते. एकेक विधवा म्हणजे एकेक उदाहरण असते. लेखकाचा हेतू उदात्त आहे, पण ती माणसे त्या हेतूच्या पुराव्यादाखल येतात आणि पुरावा देऊन निघून जातात. त्यानंतर ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांची लाट आली. त्यांत पात्रांना रूप होते, संकटे होती, पण घर नव्हते. हरिभाऊंची यमू कोणाचे उदाहरण म्हणून येत नाही. ती प्रथम एक मुलगी असते. दुर्गीची मैत्रीण असते. घरातील भांडणे अर्धवट समजून घेणारी, हट्टी, बोलकी पोर असते. तिचे वैधव्य कादंबरीत फार उशिरा येते. तोवर वाचकाने तिला इतके जवळून ओळखलेले असते की, त्या प्रसंगी तो प्रश्नाचा विचार करीत नाही, यमूचा विचार करतो.

हे कसे साधले? यमूचे वर्णन करणारा तक्ता करावयाचा म्हटले तर त्यात फारसे काही भरता येत नाही. तिचे रूप आपल्याला धड ठाऊक होत नाही. ठाऊक होतात ती तिची नाती. वडिलांच्या रागापुढे घर कसे दबून असते, माहेरी मोकळेपणाने बोलणारी मुलगी सासरी कोणापुढे किती बोलू शकते, नवऱ्याशी दिवसा उजेडी बोलणे हा अपराध कसा ठरतो, पुस्तक हाती घेणे म्हणजे कोणाचा रोष ओढवून घेणे, अशा असंख्य लहान मर्यादांतून तिची आकृती उमटते. मर्यादेच्या प्रत्येक रेषेपाशी ती काय करते, यात तिचा स्वभाव असतो. रघुनाथरावांसारखा समजूतदार पती मिळाल्यावर मुंबईच्या स्वतंत्र बिऱ्हाडात ती जे थोडे दिवस घालविते, त्यांत नवीन गुण चिकटविलेले नसतात. मर्यादा सैल होताच तीच यमू उलगडते. म्हणूनच रघुनाथरावांच्या मृत्यूनंतर ती पुन्हा त्या घराच्या सत्तेखाली येते आणि तिच्या इच्छेविरुद्ध तिचे केशवपन होते, तेव्हा काय नष्ट झाले याचे मोजमाप वाचकाजवळ असते. मुंबईचे ते दिवस नसते तर ही हानी केवळ करुण वाटली असती.

दुर्गीचे पात्र या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. ती यमूच्या समोर ठेवलेली दुसरी शक्यता आहे : तेच वय, तीच आळी, तेच बालपण, पण पती मात्र नालायक. दोघींमधील फरक जन्मजात गुणांपेक्षा त्यांच्या वाट्याला आलेल्या घरांचा आहे. एकाच मातीच्या दोन मूर्ती वेगवेगळ्या आचेत भाजाव्यात तसे हे आहे. व्यक्ती आणि परिस्थिती यांच्या संबंधाविषयी हरिभाऊंची जी धारणा होती, ती या जोडीइतकी स्पष्ट दुसरीकडे कोठे दिसत नाही.

स्त्रीच्या मनाचा इतका आतला तपशील एका पुरुष लेखकाला कोठून मिळाला, हा प्रश्न साहजिक आहे. त्याच्या उत्तरात काशीबाई कानिटकरांचे (१८६१–१९४८) नाव घ्यावे लागते. काशीबाई आणि त्यांचे पती गोविंद वासुदेव कानिटकर हे हरिभाऊंचे जिवलग स्नेही होते. विवाहानंतर घरच्यांचा विरोध सोसून काशीबाई लिहायला-वाचायला शिकल्या. पुढे ‘रंगराव’ ही कादंबरी आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र त्यांनी लिहिले. हरिभाऊंशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता; वाचलेल्या आणि लिहिल्या जाणाऱ्या पुस्तकांची चर्चा होत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्री आणि पुरुष यांच्यामध्ये बरोबरीच्या नात्याने वाङ्मयीन मैत्री असावी, हीच मोठी घटना होती. पुस्तक हाती घेणाऱ्या सुनेला काय सोसावे लागते, हे सांगणारी व्यक्ती हरिभाऊंना प्रत्यक्ष भेटलेली होती आणि तिचे म्हणणे ऐकून घेण्याची त्यांची तयारी होती. पात्र निर्माण करण्याच्या कलेत ऐकून घेण्याचा वाटा किती मोठा असतो, हे या मैत्रीवरून ध्यानात येते.

याच कादंबरीत हरिभाऊंच्या पद्धतीची मर्यादाही दिसते. शंकरमामंजी हे पात्र मराठी भाषेत दांभिक दुष्टपणाचे दुसरे नावच होऊन बसले. मोलियेरच्या प्रहसनाचे ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ हे रूपांतर करणाऱ्या हरिभाऊंना एकाच दोषावर उभ्या केलेल्या पात्राचे सामर्थ्य चांगलेच ठाऊक होते. शंकरमामंजी त्या जातीचे आहेत : संस्मरणीय, पण सपाट. यमूला जसा भूतकाळ आहे तसा त्यांना नाही. ते असे का झाले, हे कादंबरी विचारीत नाही. ज्या माणसाविषयी लेखकाच्या मनात केवळ संताप असतो, त्याला तो पूर्ण उभा करू शकत नाही, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

५

‘मी’ (१८९३–९५) या कादंबरीत हरिभाऊंनी पुन्हा आत्मकथनाचा आश्रय घेतला. या वेळी निवेदक पुरुष आहे. भावानंदाचे बालपण, ताईचे दुःखी वैवाहिक जीवन, शिवरामपंतांसारख्या गुरूचा सहवास आणि अखेरीस देशसेवेसाठी संसाराचा त्याग, असा तिचा प्रवास आहे. सेवेला वाहून घेतलेल्या तरुणांचा मठ ही कल्पना या कादंबरीत येते आणि त्यानंतर सुमारे दशकाने, १९०५ मध्ये, गोखले भारत सेवक समाजाची स्थापना करतात, या गोष्टीची नोंद इतिहासकारांनी घेतली आहे. व्यक्तिरेखाटनाच्या दृष्टीने मात्र वेगळीच गोष्ट लक्षणीय वाटते. भावानंद जोवर भाऊ आहे, मुलगा आहे, विद्यार्थी आहे, तोवर तो जिवंत आहे. नाती सोडून तो ध्येयाशी एकरूप होऊ लागतो तसा तो पुसट होतो. ताई मात्र अखेरपर्यंत ठसठशीत राहते. हरिभाऊंच्या हाती माणूस नात्यांतच घडतो, याचे हे उलट्या बाजूने मिळालेले प्रमाण होय.

पांढरपेशा ब्राह्मण घराबाहेर त्यांची दृष्टी क्वचितच गेली, हा आक्षेपही मान्य करावा लागतो. परंतु ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळाची दीर्घकथा त्याला ठळक अपवाद आहे. तिच्यातील शेतकरी रामजी आणि त्याचे कुटुंब उपासमारीने पावलापावलाने कसे मोडते, हे त्यांनी संयमाने दाखविले. १८९७ मध्ये लंडनहून तिचे इंग्रजी रूपांतर ‘रामजी’ या नावाने प्रसिद्ध झाले. येथेही पद्धत तीच आहे : दुष्काळाचे वर्णन थोडे, आणि घरातील कोण कोणासाठी घास राखून ठेवतो याचा हिशेब अधिक.

ऐतिहासिक कादंबऱ्यांकडे वळताना बंगळुरातील अभ्यासकाला एका गोष्टीचे कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची मालिका ज्या दोन टोकांमध्ये पसरलेली आहे, ती दोन्ही टोके कर्नाटकात आहेत. प्रारंभी ‘म्हैसूरचा वाघ’ (१८९०–९१) हे मेडोज टेलर याच्या टिपू सुलतानावरील कादंबरीचे रूपांतर आणि शेवटी विजयनगरच्या विनाशावरील ‘वज्राघात’ (१९१३–१५). या दोन कृतींमधील अंतर हे एका लेखकाच्या वाढीचे अंतर आहे. पहिलीत कथानक उसने आहे आणि पात्रेही. ‘वज्राघाता’त १५६५ च्या तालिकोटच्या लढाईसारखी प्रचंड घटना हरिभाऊ रामराजा, मेहेरजान आणि त्यांचा पुत्र यांच्या एका दुखावलेल्या नात्यावर तोलून धरतात. साम्राज्याच्या नाशाचे कारण म्हणून इतिहासकाराला हे पटणार नाही. कादंबरीकाराने मात्र आपली दृष्टी सोडलेली नाही. ‘उषःकाल’ (१८९५–९७) मध्येही विजापूरच्या अन्नाला जागणारा वृद्ध किल्लेदार रंगराव अप्पा आणि शिवाजीच्या कार्याकडे ओढला जाणारा त्याचा पुत्र यांच्यातील संघर्षच सर्वांत टिकाऊ ठरला आहे. युगान्तर त्यांनी बापलेकांच्या संबंधातून दाखविले.

या ऐतिहासिक कादंबऱ्या कन्नडमध्ये नेण्याचे श्रेय मुख्यतः गळगनाथ (वेंकटेश तिरको कुलकर्णी, १८६९–१९४२) यांना जाते. मुंबई इलाख्याच्या कन्नड जिल्ह्यांतील शिक्षणावर आणि वाचनावर त्या काळी मराठीचा मोठा प्रभाव होता. कन्नड वाचक निर्माण करावा या ध्यासाने गळगनाथांनी हरिभाऊंच्या कथा आपल्या भाषेत आणल्या आणि विजयनगरच्या उदयावर ‘माधव करुणा विलास’ ही स्वतंत्र कादंबरीही लिहिली. भाषांतराला ऐतिहासिक हरिभाऊ अधिक सोयीचे ठरावेत, याचे कारण उघड आहे. शौर्य, निष्ठा, सूड या भावना सहज सीमा ओलांडतात. यमूचे घर मात्र तिच्या बोलीसह, तिच्या सणावारांसह आणि नात्यांच्या संबोधनांसह उचलून न्यावे लागते. जेथे तपशील हाच पात्राचा देह असतो, तेथे भाषांतरकाराचे काम दुष्कर होते.

म्हणून त्याच विषयावरील दुसऱ्या भाषेतील स्वतंत्र कृतीशी तुलना अधिक फलदायी होते. १८९९ मध्ये मंगळूरहून गुलवाडी वेंकटराव यांची ‘इंदिराबाई’ ही कन्नडमधील पहिली सामाजिक कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचीही नायिका तरुण विधवा आहे. पण इंदिरा घराबाहेर पडते, आश्रय मिळविते, शिक्षण घेते आणि पुनर्विवाह करते. चंदू मेनन यांची ‘इंदुलेखा’ (१८८९) ही मलयाळम कादंबरीही आपल्या सुशिक्षित नायिकेला जिंकू देते. या लेखकांनी जे घडावे असे त्यांना वाटत होते ते दाखविले. हरिभाऊंनी जे घडत होते ते. सुधारणेचा मार्ग दाखविण्याचे काम यमू करीत नाही, म्हणून तिच्यावर पराभूतपणाचा आरोप होऊ शकतो. तथापि यमूला सुखान्त दिला असता तर तिच्याभोवती उभे केलेले घर खोटे ठरले असते. पात्राशी प्रामाणिक राहण्याची किंमत सुधारकाच्या समाधानाने चुकवावी लागते, आणि ती चुकविण्याची हरिभाऊंची तयारी होती.

६

उत्तरायुष्यात हरिभाऊंवर सार्वजनिक कामांचा भार वाढत गेला. पुणे नगरपालिकेचे ते सभासद व पुढे अध्यक्ष झाले. १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ज्याला विद्यापीठाने पदवी दिली नव्हती, त्याच लेखकाला १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठाने मराठी भाषेवर विल्सन व्याख्याने देण्यास पाचारण केले. केशवसुतांच्या निधनानंतर त्यांची कविता संग्रहरूपाने वाचकांपुढे आणण्याचे कामही हरिभाऊंनी केले. आधुनिक मराठी कवितेवरील त्यांचे हे ऋण कित्येकदा विसरले जाते. ‘करमणूक’ १९१७ मध्ये थांबले. ‘कर्मयोग’ ही शेवटची सामाजिक कादंबरी अपुरीच राहिली. ३ मार्च १९१९ रोजी, वयाची पंचावन्न वर्षे पूर्ण होण्यास पाच दिवस उरले असता, पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्यानंतरच्या पिढीने त्यांच्याकडे पाठ फिरविली. ना. सी. फडके यांनी १९३१ मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून लेखनाचे तंत्र शिकविले. रेखीव कथानक, गती, उत्कंठा ही मूल्ये प्रतिष्ठित झाली आणि हरिभाऊंचा विस्तार हा दोष ठरला. पुढे कुसुमावती देशपांडे यांनी ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ या ग्रंथात मराठी कादंबरीच्या वाटचालीचा साक्षेपी आढावा घेतला, तेव्हा हरिभाऊंच्या वास्तवदर्शनाचे मोल पुन्हा समोर आले. तंत्रनिपुण कादंबऱ्यांतील कित्येक नायक-नायिका आज नावानिशी आठवत नाहीत. यमू, दुर्गी आणि शंकरमामंजी आठवतात.

हरिभाऊंच्या जीवनाकडून पात्रनिर्मितीविषयी काही बोध घ्यावयाचा असेल तर तो नियमांच्या रूपात मिळणार नाही. त्यांनी तपशील टाळला नाही. मराठीत त्यांच्याइतका तपशील त्यापूर्वी कोणी दिला नव्हता. पण प्रत्येक तपशील कोणाच्या तरी संबंधात दिला. व्यक्ती किती शिकली आहे याबरोबरच तिला शिकू देण्यास कोण तयार नव्हते, हे त्यांनी नोंदविले. ती काय बोलली याबरोबरच कोणापुढे ती गप्प राहिली, हेही सांगितले. असा तपशील जमविण्यासाठी लेखकाला त्या घरात राहावे लागते, त्यातील अन्याय पाहावा लागतो आणि आपणही त्या घराचे लाभार्थी आहोत याची जाणीव बाळगावी लागते. हरिभाऊ त्या घरात राहिले. ते सोडण्याचे धैर्य त्यांनी का दाखविले नाही, असा प्रश्न आजचा वाचक विचारील, आणि तो विचारण्याचा त्याला अधिकार आहे. मात्र त्या घरातील जी बाई बोलू शकत नव्हती, तिला त्यांनी सुमारे तीन वर्षे, दर आठवड्याला, सहस्रावधी शब्द बोलू दिले. आपल्या कादंबरीच्या शीर्षकात त्यांनी लक्ष देण्याविषयी विचारणा केली आहे. तिचे पहिले उत्तर त्यांनी स्वतःच्या लेखणीने दिले होते. भारतीय कादंबरीच्या आरंभकाळाचा तौलनिक अभ्यास करणाऱ्यांनी यमूला सामाजिक प्रश्नाची प्रतिनिधी म्हणून बाजूला न ठेवता, एक संपूर्ण व्यक्ती म्हणून तिचा पुन्हा विचार करावा, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.